जुना ट्रॅक्टर सेल्फ घेत नाही: बॅटरी नवी, तरी नुसता 'टक' आवाज

बालाघाट
नमस्कार मंडळी. घरचा ट्रॅक्टर १९९४ सालचा आहे, तीन सिलिंडर, ३५ एचपी. वडिलांनी घेतलेला. इंजिन अजून ठणठणीत आहे, ऑइल खात नाही, धूर काढत नाही. पण महिनाभरापासून सेल्फने (इंजिन फिरवून चालू करणाऱ्या मोटरने) छळ मांडलाय. चावी फिरवली की एकच 'टक', आणि पुढे काही नाही. कधी टकटकटक असं लागोपाठ वाजतं. पहाटे गार असताना चार वेळा चावी मारल्यावर एकदाचा घुर्र करून उचलतो. दुपारी तापलेला बंद केला की मात्र अजिबात नाही. सध्या बांधाच्या उतारावर लावून ठेवतो, नाहीतर शेजारच्यांचा ट्रॅक्टर बोलावून टोचन लावतो.

बॅटरी १२ व्होल्ट ८८ एएच, मागच्या वर्षीच घेतलेली. दुकानात तपासली, चांगली म्हणाले. गावातला मिस्त्री म्हणतो सेल्फ गेला, नवाच टाका. गेल्या दसऱ्याला ट्रॅक्टर रंगवून घेतला होता, तेव्हा काही वायरिंगही नवं केलं. माझ्याकडे साधा डिजिटल मल्टिमीटर आहे, पण तो कुठे लावायचा ते नीट कळत नाही. बार्शी तालुक्यातली काळी जमीन, रोटाव्हेटरची एक पाळी बाकी आहे आणि मृग तोंडावर आलाय. सुरुवात कुठून करू?

रानपाखरू
बॅटरीच असणार. दुकानदार त्याने विकलेल्या बॅटरीला वाईट कसं म्हणेल? दुसऱ्याची बॅटरी लावून बघ.

जुना_फोरमन
बालाघाट, अजून काहीही विकत घेऊ नकोस. माझी सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये गाड्यांच्या इलेक्ट्रिकवर झाली, आणि सेल्फ गेला म्हणून काढून आणलेले कितीतरी सेल्फ टेबलावर मस्त फिरताना पाहिलेत. आधी आवाज ऐकायचा, मग दिवा बघायचा, मग मीटर लावायचा.

हेडलाइट लाव आणि एकाला समोर उभं न करता बाजूला, चाकांपासून लांब उभं कर. तू चावी फिरव. त्याने फक्त दिव्याकडे बघायचं.

दिवा जसाच्या तसा राहिला आणि 'टक'ही नाही, तर सोलेनॉइडच्या (सेल्फला मोठा करंट जोडून देणाऱ्या चुंबकी स्विचच्या) बारीक वायरीपर्यंत करंटच पोचत नाही. चावीचा स्विच, क्लच किंवा न्यूट्रलचा सेफ्टी स्विच, नाहीतर तुटलेली वायर. दिवा तसाच राहिला पण 'टक' वाजला, तर सोलेनॉइडच्या आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट जळलेत किंवा सेल्फचे कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे ब्रश) संपलेत. दिवा एकदम मंदावला, तर दोन शक्यता: मोटर अडकली आहे आणि भरमसाट करंट ओढते आहे, किंवा वाटेत कुठेतरी सांधा खराब आहे.

लागोपाठ टकटकटक म्हणजे सोलेनॉइड उचलतो, मोठा करंट सुरू होताच व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज परत येतं, तो पुन्हा उचलतो. सोलेनॉइडच्या आत दोन गुंडाळ्या असतात, एक ओढणारी आणि एक धरून ठेवणारी. धरणारीला पुरेसं व्होल्टेज मिळालं नाही की हे चक्र सुरू होतं.

बालाघाट
काका, आत्ताच बघितलं. दिवा जवळजवळ विझतो, लालसर होतो. चावी सोडली की परत झगझगीत. बॅटरीवर मीटर लावला तर १२.६ दाखवतो.

जुना_फोरमन
१२.६ म्हणजे बॅटरी भरलेली आहे, एवढंच कळलं. १२.४ असती तर पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे जवळपास रिकामी म्हणायची. पण हा आकडा बसल्या बॅटरीचा आहे. ठिबकचा व्हॉल्व्ह बंद असताना गेजवर प्रेशर छान दिसतं, व्हॉल्व्ह उघडल्यावर शेवटच्या लॅटरलला किती येतं ते खरं. तसंच इथे, सेल्फ मारत असतानाच मोजायचं.

ट्रॅक्टर न्यूट्रलला, हँडब्रेक लावलेला, पीटीओ (अवजार फिरवणारा मागचा शाफ्ट) सुटा, आणि बंद करायचा नॉब ओढून ठेवलेला, म्हणजे डिझेल जाणार नाही आणि इंजिन चालू होणार नाही. मीटर डीसी २० व्होल्टवर. आता एकाने चावी धरायची आणि तू चार ठिकाणी मोजायचं. प्रत्येक वेळी चार-पाच सेकंदांच्या वर चावी धरू नका, मध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर सेल्फची वाइंडिंग तापेल.

पहिलं, बॅटरीच्या प्लस खुंटीपासून मायनस खुंटीपर्यंत. मीटरच्या सुया शिशाच्या खुंटीवरच टेकव, वरच्या क्लॅम्पवर नाही. दुसरं, सेल्फच्या जाड केबलच्या बोल्टपासून सेल्फच्या बॉडीपर्यंत, बॉडीवर रंग खरवडून. तिसरं, बॅटरीच्या प्लस खुंटीपासून सेल्फच्या त्याच जाड बोल्टपर्यंत. चौथं, बॅटरीच्या मायनस खुंटीपासून सेल्फच्या बॉडीपर्यंत.

तिसऱ्या मोजणीत अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. चौथीत ०.२ ते ०.३ च्या वर गेलं तर अर्थिंग तपासायचं. बहुतेक जण प्लसची केबल बघतात आणि मायनसकडे ढुंकूनही बघत नाहीत. करंट जेवढा जातो तेवढाच परत यायला लागतो.

रानपाखरू
एवढं कशाला? मोठा स्क्रू ड्रायव्हर घेऊन सेल्फचे दोन बोल्ट शॉर्ट करायचे. आमच्याकडे सगळे तसंच चालू करतात.

जुना_फोरमन
रानपाखरू, हे कुणीही करू नये, आणि इथे वाचून कुणी करू नये म्हणून सविस्तर लिहितो. खाली उभं राहून सेल्फ शॉर्ट केला की चावी, न्यूट्रलचा स्विच, क्लचचा स्विच, सगळी सुरक्षा बाजूला पडते. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिलेला असेल तर तो त्याच क्षणी चालू लागतो. आणि माणूस उभा असतो पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्ये. मागचं चाक अंगावर येतं, बाजूला व्हायला वेळच मिळत नाही. अशा अपघातात माणसं गेलेली आहेत, जगभर जातात. शिवाय ठिणगी बॅटरीजवळ उडाली तर चार्जिंगमध्ये निघालेला हायड्रोजन पेट घेतो, बॅटरी फुटते आणि आतलं ॲसिड तोंडावर येतं.

दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून २४ व्होल्ट देणारेही आहेत. एखाद्या वेळी इंजिन उचलतं, पण सोलेनॉइडची गुंडाळी, बल्ब, अल्टरनेटरचे डायोड यांतलं काहीतरी जातंच.

ओहमचा_नियम
फोरमनकाकांच्या मोजणीत थोडी भर. मल्टिमीटर ओहमवर किंवा बीपवर लावून केबल तपासू नका. या सर्किटमध्ये २०० ते ३०० अँपिअर वाहतात. सांध्यात २० मिलिओहम एवढा रोध आला तरी २०० अँपिअरला ४ व्होल्ट तिथेच जळतात. आणि २० मिलिओहम साध्या मीटरला दिसत नाहीत, त्याच्या स्वतःच्या वायरींचाच रोध त्याहून जास्त असतो. मीटर बीप देतो, आपण केबल चांगली म्हणतो आणि सेल्फ खोलायला घेतो. मीटर अँपिअरवर ठेवून सेल्फच्या वाटेत तर कधीच जोडू नका, १० अँपिअरच्या रेंजचा फ्यूज तिथल्या तिथे जाईल.

केबलची जाडीही बघा. तांब्याची ५० चौरस मिलिमीटरची दीड मीटर केबल असेल तर ३०० अँपिअरला साधारण ०.१५ व्होल्ट पडतो. २५ ची टाकली की दुप्पट. ॲल्युमिनियमची असेल तर त्याच जाडीत दीडपटीहून जास्त. वर जाड रबर असलं म्हणून आत तांबं जाड असतं असं नाही, टोकाला बघून घ्या.

द्राक्षमळा
माझाही प्रश्न इथेच विचारते, वेगळा धागा काढत नाही. निफाडकडे आमचा बागेतला छोटा ट्रॅक्टर आहे. चावी फिरवली की काहीच नाही. आवाज नाही, दिवाही मंदावत नाही. आणि पाच-दहा वेळा चावी मारली की अचानक एकदम जोरात चालू होतो. हिवाळ्यात थंडीमुळे असेल वाटलं होतं, पण आता मे महिन्यातही तेच.

जुना_फोरमन
ताई, तुमचं दुखणं वेगळं आणि सोपं आहे. फिरला की जोरात फिरतो, म्हणजे बॅटरी, जाड केबल आणि सेल्फ तिन्ही चांगले. थंडीचा संबंध नाही. थंडीत ऑइल घट्ट होतं आणि बॅटरीची ताकद कमी होते, तेव्हा सेल्फ जड फिरतो, गप्प राहत नाही.

१२ व्होल्टचा इंडिकेटरचा बल्ब घ्या, होल्डरला दोन वायरी लावा. एक टोक ट्रॅक्टरच्या बॉडीला, दुसरं सोलेनॉइडच्या बारीक वायरीच्या टर्मिनलला. कुणाला तरी सीटवर बसवून चावी फिरवायला सांगा. बल्ब लागला आणि सोलेनॉइड गप्प राहिला, तर सोलेनॉइड खराब. बल्बच लागला नाही, तर मागे मागे जात राहायचं: सेफ्टी स्विचच्या पुढे, मग मागे, मग चावीच्या स्विचवर. जिथे बल्ब लागायला लागेल त्याच्या पुढच्या तुकड्यात दोष.

माझा अंदाज क्लचच्या पेडलखालच्या स्विचवर आहे. पेडल घासून खाली बसलं की स्विच पूर्ण दाबला जात नाही. काही मॉडेलमध्ये हाय-लो लिव्हर न्यूट्रलला असल्याशिवाय सेल्फ फिरत नाही, तिथे लिव्हर किंचित हलवूनही बघा.

बालाघाट
काका, मोजलं. संध्याकाळी भावाला चावीवर बसवलं. आकडे जसे आले तसे देतो.

बॅटरीच्या दोन खुंट्या: ११.२
सेल्फचा बोल्ट ते सेल्फची बॉडी: ५.८
प्लस खुंटी ते सेल्फचा बोल्ट: ०.४
मायनस खुंटी ते सेल्फची बॉडी: ५.०

शेवटचा आकडा परत परत बघितला, पाचच येतो.

ओहमचा_नियम
बेरीज जुळते: ५.८, ०.४ आणि ५.० मिळून ११.२. म्हणजे मोजणी बरोबर आहे. बॅटरी ११.२ देते आणि त्यातले ५ व्होल्ट परतीच्या वाटेवर जळतायत. हेडलाइट लाल का होतो तेही यातूनच कळतं, कारण त्याची अर्थ पण त्याच चॅसीवर आहे.

जुना_फोरमन
सापडलं. सेल्फला हात लावू नकोस. आता त्याच ५ व्होल्टचे तुकडे कर. एक सुई मायनस खुंटीवर कायम ठेव आणि दुसरी पुढे पुढे सरकव: क्लॅम्पवर, मग केबलच्या दुसऱ्या टोकाच्या थिंबलवर (बोल्टखाली बसणाऱ्या धातूच्या कडीवर), मग थिंबलच्या शेजारी चॅसीचं लोखंड उघडं करून त्यावर, मग सेल्फच्या बॉडीवर. आकडा जिथे उडी मारेल तो सांधा.

एक विचारतो. दसऱ्याला रंग मारला तेव्हा अर्थची केबल सोडली होती का? आणि सेल्फ मारल्यावर लगेच त्या बोल्टला उलटा हात लावून बघ, गरम लागतो का.

बालाघाट
बोल्ट चांगलाच गरम लागतो! आकडे: क्लॅम्पवर ०.१, थिंबलवर ०.८, चॅसीच्या लोखंडावर ५.०, सेल्फच्या बॉडीवरही ५.०.

केबल रंगाच्या वेळी काढली होती, हो. आत्ता बोल्ट खोलला. थिंबलखाली निळ्या रंगाचा पूर्ण थर आहे, मध्ये वॉशरच्या दातांनी खरवडलेल्या चार रेघा, आणि त्या रेघांवर गंज. एवढे महिने त्या चार रेघांवरच चालत होता म्हणायचा.

जुना_फोरमन
अगदी तसंच. दातेरी वॉशरने रंग फोडला आणि थोडं लोखंड मिळालं, म्हणून दिवाळीत आणि हिवाळ्यात त्रास झाला नाही. मग दव, धुणं, शेणामातीचा ओलावा, त्या रेघा गंजल्या. सर्व्हिसिंगवाल्याला, रंगाऱ्याला हे सांगून ठेवावं लागतं, की अर्थच्या बोल्टखाली रंग नको.

आता काम असं कर. बॅटरीचं मायनस आधी सोड, मग प्लस. हातातलं कडं, अंगठी काढून ठेव. चॅसीवरची जागा पॉलिश पेपरने पांढरी लखलखीत कर, थिंबलची दोन्ही तोंडं पण. बोल्टचे आटे साफ कर. थिंबल थेट लोखंडावर, वर दातेरी वॉशर, वर बोल्ट कसून. सगळं घट्ट झाल्यावर बाहेरून ग्रीस किंवा व्हॅसलिन लाव, आधी आत भरू नकोस.

क्लॅम्प आणि थिंबलच्या मध्ये ०.७ पडतोय, तोही जास्त आहे. थिंबलच्या गळ्यात हिरवी बुरशी आली असेल. मागच्या वर्षीची बॅटरी असली तरी केबल जुनीच असणार. ती केबलच बदल, ५० ची तांब्याची घे, थिंबल हातोड्याने ठोकून नाही तर दाबून बसवलेलं. जोडताना प्लस आधी, मायनस शेवटी.

द्राक्षमळा
बल्बने सापडलं. क्लचच्या स्विचपर्यंत बल्ब लागतो, पुढे नाही. पेडल पायाने पूर्ण दाबलं तरी स्विचचं बटण अर्धंच आत जातं. हाताने बटण दाबलं की ट्रॅक्टर लगेच सेल्फ घेतो. मिस्त्री म्हणाला दोन वायरी एकमेकींना जोडून टाकतो, कटकट मिटेल. तसं केलं तर चालेल का?

जुना_फोरमन
नको ताई. बागेत ओळीच्या मध्ये माणसं असतात, गिअरमध्ये राहिलेला ट्रॅक्टर चावीसरशी उडी मारेल. स्विचची पट्टी दोन नटांवर असते, ती थोडी पुढे सरकवून कसा. बटण पेडलच्या शेवटच्या टप्प्यात पूर्ण दाबलं गेलं पाहिजे. क्लचचं फ्री प्लेही (पेडलची सुरुवातीची मोकळी चाल) त्याच वेळी बघून घ्या. ते वाढलं असेल तर तेही बरोबर करा.

बालाघाट
केबल बदलली, जागा घासली. पहिल्याच चावीला! आई घरातून बाहेर येऊन बघत होती, तिने तर ट्रॅक्टरला नमस्कारच केला.

पण काका, परत मोजलं तर बॅटरीवर आता सेल्फ मारताना १०.८ च दिसतात. आधी ११.२ होते. सेल्फवर १०.१ मिळतात, प्लसच्या बाजूला ०.५, मायनसच्या बाजूला ०.२. बॅटरीचा आकडा कमी का झाला? ती खराब होतेय का?

ओहमचा_नियम
नाही, हे चांगलं लक्षण आहे. आधी सांधा करंट अडवत होता, म्हणून बॅटरीवर पूर्ण भारच येत नव्हता. आता मोटर हवा तेवढा करंट ओढते, म्हणून बॅटरी थोडी जास्त खाली जाते. सेल्फ फिरत असताना ९.६ च्या वर टिकते तोवर काळजी नाही. आणि म्हणूनच फक्त बॅटरीवर मोजून निदान करता येत नाही. तुझ्या बिघडलेल्या सर्किटमध्ये बॅटरीचा आकडा आत्तापेक्षा छान दिसत होता.

बालाघाट
कळलं. आणखी एक राहिलं. दुपारी तासभर रोटाव्हेटर मारून बंद केला आणि परत चावी मारली, तर घेतला, पण सकाळपेक्षा जड. मध्येच अडखळल्यासारखा.

जुना_फोरमन
हे वेगळं आहे आणि मला याचीच शंका होती. गरम इंजिनात ऑइल पातळ असतं, सेल्फ सकाळपेक्षा हलका फिरायला हवा. जड होतो म्हणजे सेल्फमध्येच काहीतरी आहे. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्का वाढतो, म्हणजे सेल्फ ६० अंशांनी तापला तर जवळपास पाव पट वाढ. एवढी प्रत्येकच सेल्फला सोसावी लागते, चांगला सेल्फ ती जाणवू देत नाही. अडखळणं मात्र बहुतेक बुशचं. बुश, म्हणजे शाफ्टला दोन्ही टोकांना धरणाऱ्या नळ्या, झिजले की आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) एका बाजूला लोंबतं आणि फिरताना फिल्डच्या (भोवतीच्या स्थिर भागाच्या) लोखंडाला घासतं.

पेरणी होऊ दे, अडलेलं नाही. मग बॅटरीचं मायनस सोडून सेल्फ उतरव आणि ऑटो इलेक्ट्रिशियनकडे स्वतः उभा राहा. आर्मेचरवर एका पट्ट्यात चकाकणारे ओरखडे दिसले तर बुश बदलायचे. नवे बुश बसवायच्या आधी इंजिन ऑइलमध्ये भिजत ठेवायला सांग, ते ऑइल पितात आणि त्यावरच चालतात. कार्बन चारही बदलून घे, स्प्रिंगची ताकद बघ. कम्युटेटर (आर्मेचरवर कार्बन जिथे घासतात तो तांब्याचा गोल भाग) काळा असेल तर बारीक पॉलिश पेपर, खड्डे असतील तर लेथवर एक कट. सोलेनॉइडच्या आतले कॉन्टॅक्टही त्याच बैठकीत उघडून बघायला लाव. एवढ्यात काम होतं, पूर्ण नवा सेल्फ लागत नाही.

आणि इंजिन मध्यम आरपीएमवर ठेवून बॅटरीवर व्होल्टेज बघ. १३.८ ते १४.४ यायला हवं. कमी असेल तर बेल्ट आणि अल्टरनेटर, १५ कडे जात असेल तर रेग्युलेटर. जास्त चार्जिंगने पाणी उडतं आणि बॅटरी दोन वर्षांत बसते.

बालाघाट
१४.१ येतंय.

काळी_कसदार
वाचतोय सगळं, फार उपयोगी. आमच्या चार सिलिंडरच्या ट्रॅक्टरला सेल्फ छान फिरतो, पण कधी कधी नुसता 'खर्रर्र' आवाज येतो आणि इंजिन फिरतच नाही. परत चावी मारली की घेतो. हेही वायरिंगचं का?

जुना_फोरमन
नाही, हे दातांचं. सेल्फ फिरतोय म्हणजे करंट पोचतोय. इंजिन बंद होताना कॉम्प्रेशनमुळे दरवेळी ठरावीक जागीच थांबतं. चार सिलिंडरच्या फ्लायव्हीलवर (इंजिनच्या जड दातेरी चाकावर) अशा दोन जागा असतात, तीन सिलिंडरच्या तीन. वर्षानुवर्षं बेंडिक्सचा गिअर (सेल्फमधून पुढे येऊन फ्लायव्हील फिरवणारा) त्याच दातांवर आदळतो आणि तेवढेच दात खलास होतात, बाकी दातांची रिंग नवी कोरी. सेल्फ काढून त्या भोकातून टॉर्च टाका, पंख्याच्या पुलीने इंजिन हळूहळू फिरवत सगळी रिंग बघा. फिरवताना बंदचा नॉब ओढलेला आणि बॅटरीचं मायनस सुटलेलं असू द्या.

दात फक्त एका बाजूने खाल्ले असतील तर रिंग तापवून काढता येते आणि उलटवून किंवा काही दात सरकवून परत तापवून बसवता येते. पण त्यासाठी ट्रॅक्टर मधून फोडावा लागतो, म्हणून पुढच्या वेळी क्लच प्लेट बदलाल तेव्हाच ते करा. तोवर बेंडिक्सचा गिअर बघून घ्या, त्याचे दात टोकाला गोल झाले असतील तर तो आत्ताच बदला. झिजलेला गिअर चांगले दातही खातो.